गोधडीतला घेवडा

लेस्टरमधल्या ज्या मराठी माणसाला सुप्रभाबाईंनी अजून सल्ला दिलेला नाही, तो बहुधा काल रात्रीच विमानातून उतरलेला असणार. सल्ला मागितला होता का, हा प्रश्न तिथे गैरलागू. मंडळाच्या गणपतीत कुणाचं बाळ रडायला लागलं की बाई तीन रांगा ओलांडून येणार, बाळ आईच्या कडेवरून काढून घेणार, खांद्यावर टाकून थोपटणार, आणि ते गप्प झालं की आईला बजावणार, "गॅसेस आहेत. तू ओवा खात जा." चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काढलेली बाई. सर्जनच्या हातातला चिमटा काढून घेऊन दुसरा ठेवायची सवय. रिटायर झाली म्हणून ती सवय कुठे जाणार? कुणाची पोळी, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या बागेतला गुलाब, सगळ्यात हात घातल्याशिवाय बाईंना चैन पडायचं नाही. त्यांचे यजमान शशीराव त्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढून रिटायर झालेले. ते म्हणायचे, "हिला स्वर्गात नेलं तर ही आधी तिथल्या किचनची तपासणी करेल."

आता मनाने म्हणाल तर बाई लोण्यासारखी. दारात आलेला माणूस खाल्ल्याशिवाय परत जायचा नाही, आणि कुणाचं दुःख ऐकलं की दोन दिवस यांना झोप नाही. फक्त त्या दुःखाला लगेच काहीतरी उपाय सांगायची घाई फार.

दर मंगळवारी लायब्ररीत बाई इंग्लिश बोलायचा वर्ग घ्यायच्या. देशोदेशीची नव्याने आलेली माणसं, कौन्सिलचा चहा, बिस्किटं आणि सुप्रभाबाईंचं कराडच्या ठेक्यातलं इंग्लिश. वर्ग मोठा गाजला हो. सहा महिन्यांत लेस्टरच्या बसमध्ये सीरिया-सुदानची माणसं बोट वर करून "आय ॲम टेलिंग यू" म्हणायला लागली. या वर्गात फुराहा होती. उंच, शांत, तिशीतली, काँगोतली. एका केअर होमच्या लाँड्रीत कामाला. बिस्किट घेतलं की अर्धं खायची आणि अर्धं रुमालात बांधून मुलांसाठी न्यायची.

त्या दिवशी 'काल काय केलं' असा धडा होता. कुणी शॉपिंग केलं होतं, कुणी डॉक्टरकडे जाऊन आलं होतं. फुराहाची पाळी आली तशी ती म्हणाली, "काल मी आईला फोन केला. आई चालत होती. सरपणाला निघाली होती."

"मग बोलण्यापुरतं तरी थांबायचं ना," सुप्रभाबाई म्हणाल्या.

"थांबली तर बाकीच्या बायका पुढे जातात. तिकडे एकटीने जायचं नसतं."

का, ते विचारल्याशिवाय बाई थोड्याच राहणार होत्या. वर्ग संपल्यावर त्यांनी फुराहाला बसवूनच घेतलं. आणि फुराहाने तुटक तुटक इंग्लिशमध्ये सगळं सांगितलं.

लहान असताना लढाईत गाव सुटलं. आईबरोबर सरहद्द ओलांडून ती पश्चिम युगांडातल्या निर्वासितांच्या वस्तीत आली. तिथेच वाढली, तिथेच लग्न झालं, तिथेच मुलं झाली. मग इंग्लंडला यायला नंबर लागला तो नवरा, बायको आणि मुलांचा. आईची फाइल वेगळी. ती फाइल कुठल्या टेबलावर आहे, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

वस्ती म्हटल्यावर सुप्रभाबाईंच्या डोळ्यांपुढे टीव्हीवर दिसतात तसे पांढरे तंबू आले. फुराहाने मान हलवली. तंबू नाहीत. मातीची घरं, वर पत्रा, आणि प्रत्येक कुटुंबाला जमिनीचा तुकडा. आधी तो तुकडा बरा होता, त्यात मका-घेवडा पिकायचा. पण माणसं येतच राहिली, तुकड्याचेही तुकडे झाले, माती दमली. मिळणारं रेशन आधी अर्धं झालं, मग त्याच्याही अर्धं. आणि जो वाळका घेवडा मिळतो तो शिजायला अर्धा दिवस जाळ लागतो. जवळची झाडं कधीच संपलीत. आता लाकूड डोंगरापलीकडे, आणि तिथलं रान तिथल्या गावकऱ्यांचं. ते तरी काय राक्षस होते? त्यांच्याही घरी चुली होत्या. पण मागच्या साली त्यांच्यातल्या एकाने फुराहाच्या आईचा कोयता हिसकावून घेतला आणि मनगटावर काठी हाणली. हाड वाकडंच जुळलं. तरी ती एक दिवसाआड जातेच, कारण घरात तिच्या वारलेल्या मुलाची दोन लेकरं आहेत.

सुप्रभाबाईंनी आयुष्यात मोडलेली हाडं ढिगाने पाहिली होती. पण न पाहिलेल्या त्या वाकड्या मनगटाने त्यांना बेचैन केलं. घरी आल्या, भात टाकला, आणि कुकरची शिटी व्हायच्या आत त्यांना उपाय सुचला.

"अहो, गोधडी!" त्या ओरडल्या.

"थंडी वाजतेय का?" शशीरावांनी विचारलं.

"पातेल्याला. आई नाही का भाताचं पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवायची? एक उकळी आणायची, गुंडाळायचं, कोपऱ्यात ठेवायचं. बाबा कारखान्यातून येईपर्यंत भात तयार. ना जाळ, ना धूर. आमच्या आईने जन्मभर असा भात शिजवला."

झालं. आठ दिवसांत सुप्रभाबाईंच्या बैठकीत गोधड्यांचा कारखाना सुरू. मंडळातल्या बायकांनी जुन्या मऊ साड्या आणल्या. नवी साडी चालायची नाही, असा बाईंचा हुकूम. गोधडीला अंगावर विरलेलंच कापड लागतं. जमिनीवर थर पसरले, चौघीजणी चार कोपऱ्यांतून धावदोरा घालत मध्याकडे सरकायला लागल्या, आणि गप्पांना असा ऊत आला की टाके कमी आणि बातम्या जास्त. सीमा नावाची एक हौशी बाई होती. तिने आपल्या गोधडीला आरसे लावले.

"पातेल्याला तोंड बघायचंय का?" मिल्काने विचारलं.

ही मिल्का म्हणजे सुप्रभाबाईंची जुनी मैत्रीण. ठाण्याची, बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू, नवरा गेल्यावर लेकीजवळ राहायला लेस्टरला आलेली. मराठी अस्सल कोकणी वळणाचं आणि बोलणं मोजकं. सुप्रभाबाई दिवसभर जेवढं बोलायच्या तेवढं मिल्का वर्षभरात बोलत असेल. म्हणूनच त्यांचं जमायचं.

एका संस्थेची नर्स तिकडे निघाली होती, तिच्या सामानातून गोधड्या गेल्या. आणि सुप्रभाबाई फोटोंची वाट बघायला लागल्या.

फोटो आले. एका गोधडीत बाळ झोपलेलं. दुसरी दाराला पडदा म्हणून टांगलेली. तिसऱ्या गोधडीवर पाहुणे बसलेले. आरशांची गोधडी तर चर्चच्या टेबलावर जाऊन पोचली होती आणि तिच्यापुढे पाद्रीबाबा हसत उभे होते. पातेलं एकाही फोटोत नाही. बाईंनी फोटो मोठे करकरून पाहिले, न जाणो मागे कुठे दिसलं तर.

"फुराहा, आईला फोन लाव," त्या म्हणाल्या. "मी बोलते."

रविवारी फुराहा घरी आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन उभा करून ठेवला. तिकडे बाईला पहिल्या लेकराच्या नावाने हाक मारतात आणि आईला मामा म्हणतात, म्हणून ही मामा फुराहा. शशीरावांना हे पचायला वेळ लागला. "मामा काय म्हणतोय?" असं ते विचारायचे आणि सुप्रभाबाई डोळे वटारायच्या. पडद्यावर दिसली ती साठीची, काटक, डोक्याला फडकं बांधलेली बाई. फोन धरलेल्या हाताचं मनगट वाकडं होतं.

आधी ख्यालीखुशाली झाली. गोधड्या फार सुंदर आहेत, असं मामाने सांगितलं. रात्री गारठा असतो, लेकरं त्यांच्यात गुरफटून झोपतात.

"छान, छान. पण ती स्वयंपाकासाठी आहे," सुप्रभाबाईंनी सुरुवात केली, आणि उकळी कशी आणायची, गुंडाळायचं कसं, वर उशी कशी दाबायची, सगळं हातवारे करून सांगितलं. फुराहा स्वाहिलीत भाषांतर करत होती, तिची दमछाक झाली. मामाने सगळं नीट ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

"तुम्ही यात घेवडा शिजवून खाल्ला आहे?"

"माझ्या आईने जन्मभर..."

"आईने नाही. तुम्ही."

सुप्रभाबाई गप्प झाल्या. शशीरावांनी पेपर खाली केला, कारण हा आवाज, म्हणजे आवाज नसणं, त्यांच्या ओळखीचं नव्हतं.

मामा पुढे बोलत होती आणि फुराहा मान खाली घालून सांगत होती, "ती म्हणते, तुमचा घेवडा कच्चा राहिला तर तुम्ही दुसरं काहीतरी खाल. आमच्याकडे तो घेवडा म्हणजेच त्या दिवसाचं जेवण. कच्चा राहिला तर तो परत शिजवायला लाकूड नाही, आणि त्याच्या जागी दुसरं काही नाही. मी लेकरांना काय सांगू? लांबच्या एका चांगल्या बाईने असं करायला सांगितलं होतं म्हणून?"

यात टोचून बोलणं नव्हतं. असतं तर बाईंना उत्तर देता आलं असतं. खरं होतं, म्हणून लागलं. लेस्टरमध्ये पातेलं बिघडलं तर ती हसायची गोष्ट. फार तर बेलग्रेव्ह रोडवरच्या हॉटेलातून काहीतरी मागवायचं. तिकडे दोन लेकरं उपाशी झोपणार. आपण हे शिकवायला निघालो होतो, आणि हे आपल्या डोक्यातसुद्धा आलं नाही, याची बाईंना मनापासून शरम वाटली.

पण सुप्रभाबाई त्या. "दाखवते," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी. तुमच्यासमोर शिजवते, तुमच्यासमोर खाते."

पुढच्या रविवारी स्वयंपाकघरात हा भिजवलेला घेवडा, हे स्टीलचं पातेलं, ही गोधडी, असा सगळा थाट मांडला. वस्तीत मामाच्या अंगणात सात-आठ बायका फोनभोवती दाटीवाटीने बसल्या होत्या. बाईंनी घेवडा चांगला खळखळून उकळला. तो तसा उकळावाच लागतो, नाहीतर पोट बिघडतं, हे बाईंमधल्या नर्सने दोनदा बजावलं. झाकण ठेवलं, गुंडाळलं, टोपलीत बसवलं. आणि मग गुंडाळलेल्या पातेल्याकडे बघत बसायची वेळ आली, जे त्यांना आयुष्यात कधी जमलेलं नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनी गोधडी सोडली. "बघा, अजून कशी वाफ आहे," त्यांनी फोनला दाखवलं. पुन्हा गुंडाळलं. मग शेजारच्या बायकांनाही वाफ दिसावी म्हणून पुन्हा सोडलं. मग एक दाणा दाबून बघितला. मग पाणी कमी आहे की काय असं वाटलं, म्हणून नळाचं घातलं.

"नळाचं?" शशीराव म्हणाले.

"तुम्ही मध्ये बोलू नका."

दुपार टळून गेल्यावर सुप्रभाबाईंनी दिमाखात झाकण काढलं, सगळ्यांसमोर चमचाभर घेवडा तोंडात टाकला आणि चावला. कुडुम् असा आवाज आला. तो युगांडापर्यंत ऐकू गेला.

मग मामा हसली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. अंगणातल्या सगळ्या हसायला लागल्या. फुराहा आईकडे बघत राहिली. "मी इकडे आल्यापासून तिला हसताना पाहिलंच नव्हतं," ती म्हणाली. सुप्रभाबाईंचं तोंड लाल झालं होतं, पण हे ऐकल्यावर त्यांनाही हसू फुटलं.

"पुन्हा करा," मामाने निरोप दिला. "तुमच्याकडे घेवडा आहे. तुमचा शिजला की मी माझा घालीन."

त्या दिवशी बाईंनी कराडला आपल्या थोरल्या बहिणीला फोन लावला. आई नेमकं काय करायची, ते एकदा विचारून घ्यावं म्हटलं. ताईने ऐकलं आणि विचारलं, "काय शिजवलंस म्हणतेस?"

"घेवडा. गोधडीत. आई भात शिजवायची तसा."

"अगं वेडे, तो शिजलेला असायचा. बाबांना उशीर व्हायचा म्हणून गरम राहावा एवढ्यासाठी गुंडाळायची. स्टोव्हवर शिजवायची ती. तू शाळेतून यायचीस तेव्हा गुंडाळलेलाच दिसायचा तुला."

सुप्रभाबाईंनी फोन ठेवला. म्हणजे पन्नास-साठ वर्षं आपण जे छातीठोकपणे सांगत आलो, ते झालंच नव्हतं. त्या भरवशावर आठ गोधड्या आफ्रिकेत गेल्या होत्या.

"मग आता?" शशीरावांनी हळूच विचारलं.

"आता काय? कबूल केलंय."

पुढचे दोन आठवडे त्या घरात घेवडाच घेवडा. अर्धकच्चा घेवडा, पाऊणकच्चा घेवडा, वरून कच्चा आणि खालून लगदा झालेला घेवडा. फेकायचा नाही, असा बाईंनी दंडक घातला. मामाचं बोलणं डोक्यात बसलं होतं. कुकरमध्ये घालून तो पुन्हा शिजवायचा आणि खायचा. शशीराव बिचारे आज्ञाधारक, पण त्यांच्या पोटाने बंड पुकारलं. ते बागेत जास्त वेळ काढायला लागले. शेवटी एकदा म्हणाले, "सुप्रभा, मी चाळीस वर्षं एक्स-रे काढले. पेशंट हलला की फोटो बिघडतो. तू त्या पातेल्याला पाच मिनिटं स्वस्थ राहू देत नाहीस. गोधडीचं काय चुकतंय?"

"मी फक्त बघते."

"तेच."

बाई रागावल्या. राग ओसरल्यावर मिल्काकडे गेल्या आणि सगळी रड सांगितली. मिल्काने चहा केला, बिस्किटं मांडली, सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या आजीकडे व्हायचं असं," ती म्हणाली.

"काय व्हायचं?"

"शनिवारी आम्ही चूल पेटवत नाही. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत पातेलं गुंडाळलं की शनिवारी जेवायला बसेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. वाल असायचे, कधी मटण. मऊसूत व्हायचे."

सुप्रभाबाई उठून उभ्याच राहिल्या. "मिल्का, अगं, आठ गोधड्या शिवताना तू माझ्या शेजारी बसली होतीस. तेव्हा तोंडात काय धरलं होतंस?"

"तू विचारलं नाहीस. आणि तू म्हणालीस, तुला येतं."

बाई खाली बसल्या.

मिल्काची रीत साधी होती. पातेलं जाड बुडाचं घ्यायचं आणि गळ्यापर्यंत भरायचं, रिकामी जागा ठेवायची नाही. वर घट्ट झाकण. गोधडी एक नाही, दोन, आणि खालीसुद्धा. बाकी काही नाही. "खरं काम हात न लावण्याचं आहे," मिल्का म्हणाली. "ते तुला जमायचं नाही. मी येऊन बसते."

आली आणि बसली. सकाळी पातेलं गुंडाळलं, टोपलीत ठेवलं, आणि मिल्काने टोपलीशेजारी खुर्ची ओढून मांडीवर विणकाम घेतलं. फोन समोर होता, पलीकडे मामा शेंगा सोलत होती. भाषांतराला फुराहाही नव्हती, ती लाँड्रीत कामावर. दोघी एकमेकींकडे बघायच्या, मान हलवायच्या, आपापलं काम करायच्या. सुप्रभाबाई तीनदा स्वयंपाकघरात आल्या. तीनदा मिल्काने सुईने दार दाखवलं. चौथ्यांदा शशीरावांनी त्यांना कोट चढवला आणि ॲबी पार्कला फिरायला घेऊन गेले. पार्कात बाईंनी बदकांना काय खायला घालावं यावर एका इंग्लिश आजोबांना सल्ला दिला, तेव्हा कुठे त्यांना जरा बरं वाटलं.

दुपारी झाकण उघडलं. सुप्रभाबाईंनी एक दाणा बोटांत धरला आणि दाबला. दाणा विरघळला. त्यांनी बोटं फोनसमोर धरली. मामाने डोळे बारीक करून पाहिलं. बाईंनी मिल्काला दाणा दिला, शशीरावांना दिला, दोघांनी खाल्ला. मग मामाने शेंगांची पाटी बाजूला ठेवली आणि काहीतरी म्हणाली. संध्याकाळी फुराहाने तिला फोन केला तेव्हा कळलं, काय ते. "शनिवारी मी घालते," असं ती म्हणाली होती.

शनिवार. खरं सांगायचं तर सुप्रभाबाईंनी आयुष्यात एवढी धास्ती कधी खाल्ली नव्हती. थिएटरमध्ये काही बिघडलं तर निस्तरायला चार डॉक्टर होते. इथे एका पातेल्यात एका घराचं त्या दिवसाचं सगळं अन्न होतं. मामाने त्या दिवशी सरपणाला न जाता आदल्या दिवशीच्या उरलेल्या काड्यांवर उकळी आणली होती. म्हणजे परत शिजवायला घरात जाळ नव्हता. बाकीच्या बायका पहाटेच रानात निघून गेल्या होत्या, आणि त्यांच्या मागे एकटीने जायची तिची हिंमत नव्हती. तिची दोन नातवंडं पातेल्याजवळ उकिडवी बसून होती. एकाने हात पुढे केला, मामाने हातावर चापटी मारली. इकडे फुराहाने तोंडावर पदर धरावा तसा आपला स्कार्फ धरला होता.

"आईला सांग, जमलं नाही तर..." सुप्रभाबाई बोलायला लागल्या आणि थांबल्या. इथून डबा भरून देता येणार नव्हता.

त्या दिवशी तिकडे फोनला चार्जिंग कमी होतं, म्हणून फोन बंद केला. सुप्रभाबाईंनी ओट्याखालची फडताळं रिकामी करून पुसली. मग तीच पुन्हा पुसली.

फोन वाजला तेव्हा पडद्यावर फक्त एक ताटली दिसली. तांबडा, रसरशीत घेवडा, आणि त्यात दोन लहान हात बुचकळलेले. मामाचा चेहरा दिसतच नव्हता. तिने फोन पोरांसमोर धरून ठेवला होता, आणि पोरांना बोलायला फुरसत नव्हती. फुराहा रडायला लागली. सुप्रभाबाईंनी तिला जवळ घेतलं आणि त्याही रडल्या, खुशाल, आवाज करून.

मग हळूहळू दाराचा पडदा उतरला, पाहुण्यांचं आसन उठलं, आणि त्या गोधड्या पातेल्यांभोवती गेल्या. आरशांची गोधडी मात्र पाद्रीबाबांनी सोडली नाही. रान काही जवळ आलं नव्हतं, रेशन काही वाढलं नव्हतं, आणि आईची फाइल अजून कुठल्या तरी टेबलावर तशीच होती. सरपणाला जावंच लागायचं. पण एक दिवसाआडची खेप आठवड्यातून एकदा झाली.

त्यानंतरच्या एका मंगळवारी लायब्ररीत वर्ग रंगात आला होता. 'उद्या काय करणार' असा धडा होता. भर दुपारी फुराहाचा फोन वाजला. तिने पडद्यावर नाव बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. वर्गातल्या सगळ्यांना ते समजलं. मागे माणसं ठेवून आलेल्या सगळ्यांचं हेच असतं. असा अवेळी, न ठरवता तिकडून फोन आला तर तो बऱ्या बातमीचा नसतो. सुप्रभाबाई खडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

फुराहाने फोन कानाला लावला. तिकडे एक वाक्य झालं. तिने काहीतरी विचारलं. पुन्हा एक वाक्य. तिने पुन्हा तेच विचारलं, जरा मोठ्याने. मग तिने फोन खाली घेतला, पण बंद केला नाही.

"काय झालं?" सुप्रभाबाईंनी विचारलं. "मनगट? पोरं? काय झालं, बोल."

"काही नाही," फुराहा म्हणाली. तिला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. "काही झालं नाही. ती म्हणते, पातेलं गुंडाळून ठेवलंय आणि मी दारात बसलेय. हाताला काम नाही, म्हणून फोन केला." तिने हातातल्या फोनकडे बघितलं. "ती विचारतेय, मी जेवले का."

सुप्रभाबाईंनी खडू खाली ठेवला. सगळ्यांना हाताने खूण करून बाहेर काढलं, शेवटी स्वतः बाहेर आल्या आणि दार ओढून घेतलं. व्हरांड्यात वर्ग उभा होता आणि बाई पहिल्यांदाच कुणाला काही सांगत नव्हत्या. आत फुराहा आईला सांगत होती, सकाळपासून काय काय खाल्लं ते.